माळ चार महिन्यांचा, तोंडं बारा महिन्यांची

चराईवाला : काका, शहापूर-मुरबाडकडे गोठा काढायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. जर्सी नाहीतर मुऱ्हा आण, नेपियर लाव, सरकी पेंडीची पोती रच. मला हा सल्लाच उलटा वाटतो. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या तोंडापर्यंत वरकस माळ पसरलेत. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. श्रावणात गवत गुडघ्याच्या वर जातं, दसऱ्याला कमरेला लागतं. ते कुणी पेरत नाही, त्याला कुणी खत घालत नाही. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं, शिमग्याच्या आगेमागे कुणीतरी काडी लावतं आणि डोंगर रात्रभर जळतो. एकीकडे आपण चारा जाळतो, दुसरीकडे पोत्याने विकत आणतो. दुधाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च चाऱ्या-पेंडीचा असतो. मग जनावर स्वतःच्या पायांनी चाऱ्याकडे गेलं तर बिघडलं काय? डांगी गाय दिवसाला दोन-तीन लिटरच देईल, मान्य. पण तिच्या मागे खर्चही तेवढाच थोडा आहे. कल्याण-डोंबिवलीचं गिऱ्हाईक तासा-दीड तासावर आहे. त्याला दूध हवं, तूप हवं, बोकड हवा, कुंडीतल्या झाडांना शेणखतसुद्धा हवं. महिन्याच्या शेवटी हातात काय उरतं ते पाहा, दुधाच्या किटलीवरचा आकडा नको.

हिशेबी : हातात उरण्याचाच हिशेब करू. तू पाहतोस ते गवत श्रावण-भाद्रपदातलं आहे. जनावराला फाल्गुन-चैत्रातही तोंड असतं. गावठी गाय अडीचशे किलोची धर. तिला रोज सहा किलो तरी सुका चारा लागतो. कार्तिकापासून पाऊस पडून नवं गवत दाताखाली येईपर्यंत सव्वादोनशे दिवस जातात. म्हणजे एका गाईला साडेतेराशे किलो आणि दहा गुरांना साडेतेरा टन. तीन एकर भात असेल तर पेंढा निघेल तीन-साडेतीन टन. उरलेले दहा टन कुठून आणणार? माळावर उभं वाळलेलं गवत दिसायला भरपूर असतं, पण फुलोरा येऊन दाणा गळला की त्यातला कस गेलेला असतो. प्रथिनं इतकी उतरतात की पोट भरूनही जनावर उतरत जातं. पावसाळ्यात अंगावर चढलेलं मांस वैशाखापर्यंत झडतं, बरगड्या मोजता येतात. गाय आटते, माजावर येत नाही आणि दोन वेतांतलं अंतर दीड-दोन वर्षांवर जातं. तुझी बिनखर्चाची गाय वर्षातले किती महिने तुला काही देते आणि किती महिने नुसती उभी असते, ते आधी सांग.

चराईवाला : हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख माळावर नाही. कळप हिरव्यावर मोजायच्या आपल्या सवयीवर आहे. पावसाळ्यात दहा गुरं सहज पोसली जातात म्हणून आपण दहा ठेवतो. मी म्हणतो, कळप गंजीवर मोजा. दसऱ्याच्या सुमारास गंजी किती लागणार याचा अंदाज घ्या आणि त्याच्यापुढची जनावरं दिवाळीपर्यंत विका, तेव्हा ती सर्वांत अंगात असतात. आमच्याकडे सगळे म्हशाच्या जत्रेची वाट पाहतात. पौष पौर्णिमेला म्हशाला भाव येतो, बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं, खरं आहे. पण कार्तिकापासून पौषापर्यंतच्या दोन महिन्यांत ते जनावर साडेतीनशे किलो गवत खातं आणि तेवढ्यातच उतरायला लागतं. जत्रेतल्या चढ्या भावातून हे वजा करायला हवं. दुसरं असं की माळाचे दोन भाग करायचे, एक चराईचा आणि एक राखलेला. राखलेल्या माळावर पावसाळाभर खूर पडू द्यायचं नाही. अशा माळातून एकरी टनभर वाळलेलं गवत धरायला हरकत नाही. दहा टनांना दहा एकर झाले. आणि पेंढ्याचा कस वाढवता येतो. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लास्टिकखाली तीन आठवडे हवाबंद ठेवायचा. पेंढा मऊ होतो, पिवळसर तपकिरी होतो आणि जनावर तो पहिल्यापेक्षा जास्त खातं.

(इथे दोघांच्या बोलण्यात खंड पाडून एक सांगायला हवं, कारण त्यावर जनावराचा जीव अवलंबून आहे. युरियाचा खडा न विरघळता राहिला किंवा उरलेलं पाणी बादलीत राहून जनावराने प्यायलं, तर ते जनावर तासाभरात दगावू शकतं. प्रक्रिया केलेला पेंढा काढल्यावर तो वाऱ्यावर पसरून नाकाला झोंबणारा वास जाऊ द्यावा, मगच गव्हाणीत टाकावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देऊच नये.)

हिशेबी : दहा एकर राखलेस, ठीक. ते कापणार कोण? गवत कापायला येतं तेव्हाच भात कापायला येतं. भात पडून राहिलं तर माणसाच्या पोटाला चिमटा बसतो, म्हणून गवत नेहमी मागे राहतं. भात उरकेपर्यंत दिवाळी होते आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. भट्टीवाल्याने त्यांना आधीच उचल दिलेली असते. माळावर विळा धरणारा हात तुला मिळणार कसा? या जिल्ह्यात गवत आणि मजुरी हा जुना विषय आहे. आज पालघरमध्ये गेलेल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत १९४५ साली वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली संप केला, तेव्हा पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत ही मुख्य मागणी होती. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत स्वस्त होतं, कारण ते कापणारा वेठीला धरलेला होता. तुझं फुकटचं गवत मजुरी धरली की फुकट राहत नाही.

त्यात पावसाने वेळापत्रकच सोडलं आहे. कुसळीचं गवत कधी कापायचं ते तुला ठाऊक आहे. फुलोऱ्यावर कापलं तर चारा, उशीर केला तर कुसळं. ती कुसळं पीळ घेत घेत शेळीच्या कातड्यात शिरतात, गुराच्या तोंडात, हिरड्यांत रुततात आणि तिथे पू होतो. फुलोरा येतो आश्विनात. आणि आता परतीचा पाऊस आश्विनातच ठाण मांडून बसतो. २०१९ चा ऑक्टोबर आठव. कापलेल्या भाताला शेतातच मोड आले, मग कापलेल्या गवताचं काय झालं असेल? काळं पडलं, बुरशी आली. दुसऱ्या टोकालाही तेच. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. ज्यांनी गंजीवर कागद घालायचं मृगावर ढकललं होतं त्यांच्या उरल्यासुरल्या वैरणीत पाणी गेलं. तू म्हणतोस गंजीवर कळप मोज. गंजीचाच भरवसा नसेल तर?

चराईवाला : भरवसा नाही म्हणूनच एकाच गंजीवर सगळं टाकायचं नाही. गवताचा थोडा भाग भाद्रपदाच्या अखेरीस ओलाच कापून मुरघास करता येतो. माळाच्या गवतात साखर कमी असते, म्हणून थोडं गुळाचं पाणी शिंपडावं लागतं आणि पिशवीत पायाने तुडवून हवा पूर्ण काढावी लागते. दीड महिन्यात तो तयार होतो आणि परतीच्या पावसाची त्याला भीती नसते. वाळवायचं ते गवत जमिनीवर पसरण्यापेक्षा बांबूच्या तिवईवर टांगलं तर एक-दोन सरी सोसतं. गंजी फळ्यांच्या किंवा दगडांच्या ओट्यावर रचली तर खालून सडत नाही. यात नवं काही नाही. करणारा हवा.

आणि जनावर या पावसाचं हवं. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, मुसळधार पावसात ती चरत राहते, खूर काळे आणि कठीण असतात. आमची तांबूस-काळी ठेंगणी गाय, जिला आजवर सगळे ‘गावठी’ म्हणून नाकं मुरडायचे, ती ‘कोकण कपिला’ म्हणून २०१८ साली राष्ट्रीय नोंदणीत आली. या गाईंना गोचीड तापाचा त्रास संकरित गाईपेक्षा कमी होतो. उन्हाळ्यात कमी खाऊन त्या तग धरतात आणि पहिल्या गवतावर महिनाभरात सावरतात. वेत ज्येष्ठ-आषाढात येईल असा वळू कळपात सोडला तर दूध गवताच्या बरोबरीने चढतं आणि गवताच्या बरोबरीनेच उतरतं. आटलेल्या गाईला उन्हाळ्यात फक्त जगवायचं असतं.

चराईचीही पद्धत आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडीत आंद्रे व्हॉइझाँ नावाचा शेतकरी-शास्त्रज्ञ होता, त्याने १९५७ च्या पुस्तकात साधी गोष्ट मांडली. माळावर गुरं किती आहेत त्यापेक्षा ती एका जागी किती दिवस राहतात आणि त्या जागेला पुढे किती दिवस विश्रांती मिळते, यावर गवताचं भवितव्य ठरतं. माळाचे आठ-दहा तुकडे करा, एका तुकड्यावर दोन-तीन दिवस, मग पुढे. सौरऊर्जेवरचं हलकं कुंपण आता मिळतं. मारवेल आणि पवन्यासारखं गोड गवत गुरं आधी खातात आणि तेच संपतं. कुसळी उरते, फोफावते. फिरती चराई केली तर चांगल्या गवताला पुन्हा उठायला वेळ मिळतो.

हिशेबी : नॉर्मंडीत पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. तिथे गुरं हलवली की मागचं गवत वाढायला लागतं, म्हणून विश्रांतीला अर्थ आहे. इथे ऑक्टोबर संपला की जमिनीतली ओल गेली. मग तुकड्याला दोन महिने विश्रांती दे की सहा, पात्याला नवं पान फुटत नाही. त्या आठ महिन्यांत तुझं कुंपण गवत वाढवत नाही, फक्त आहे ते रोज मापाने वाटून देतं. तेही काम उपयोगाचं आहे, नाही म्हणत नाही, पण त्याला उत्पादन म्हणू नकोस. आणि पावसाच्या चार महिन्यांत, जेव्हा विश्रांतीचा खरा उपयोग, तेव्हा उतारावर एका तुकड्यात कळप दाटीने ठेवलास तर खुरांनी चिखल होतो, माती ओढ्याला लागते.

आपल्याकडे माळ खरंच सुधारला ती उदाहरणं पाहा. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने १९९० नंतर काय केलं? चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. गुरं माळावर सोडलीच नाहीत. गवत विळ्याने कापून गोठ्यात आणलं. गवत वाढलं, दूध वाढलं. तुझ्या म्हणण्याच्या बरोबर उलट त्यांनी केलं आणि ते यशस्वी झालं.

चराईवाला : हिवरेबाजारला पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. तिथला माळ उघडाबोडका झाला होता, त्याला आधी जगवणं भाग होतं. आपल्याकडे माळ मरत नाही, तो रानटी होतो. न चरलेला, न कापलेला माळ दोन-तीन वर्षांत जाडाभरडा होतो, त्यात टणटणी शिरते आणि वणव्याला भरपूर जळण मिळतं. आणि चराईबंदी म्हटलं की कापून आणण्याचं काम कुणाच्या डोक्यावर जातं ते आपण बोलत नाही. तो भारा बाईच्या डोक्यावर असतो. रोज तीस-पस्तीस किलो ओलं गवत डोंगरावरून खाली आणणारी बाई कुठल्याच नफ्याच्या ताळेबंदात दिसत नाही. गाय स्वतः वर जाते, त्याचा हा फायदाही धरा की.

हिशेबी : धरला. मग पाणीही धर. गाईला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, म्हशीला त्याहून बरंच जास्त आणि वर डुंबायला डबकं. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. मुंबईची तहान त्यावर भागते आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. बाया रात्री विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात तिथे दहा गुरांना तीनशे-चारशे लिटर तू कुठून आणणार? माळ कितीही मोठा असू दे, इथे कळपाचा आकडा मेमधली विहीर ठरवते. तू गंजी म्हणालास, मी म्हणतो गंजीच्याही आधी पाणी. आणि पाण्यासाठी गुरं रोज तीन-चार किलोमीटर हिंडवलीस तर चरून मिळवलेलं चालण्यात जातं.

चराईवाला : पाण्याचं तुमचं म्हणणं मला कबूल करावंच लागतं. ओढ्यावर पौष-माघात वनराई बंधारे घातले तर चैत्रापर्यंत पुरतं, वैशाखात नाही. म्हणून तर मी मोठ्या गुरांचा आग्रह सोडून शेळ्यांकडे येतो. शेळीला पाच-सहा लिटर पाणी पुरतं. ती गवतावर अवलंबून नाही, झुडपांचा पाला खाते आणि उन्हाळ्यात गवत वाळलं तरी रानात करवंद, बोर, आपटा यांचा पाला असतो. वर्ष-सव्वा वर्षात बोकड विकता येतो, दावणीला खिळून राहत नाही. लागेल तेव्हा एक विकला, पैसा हातात. गरिबाची ती बँकच आहे.

हिशेबी : शेळीला आपला पाऊस मानवत नाही. आषाढात आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ती बाहेर पडत नाही, ओल्या जमिनीवर बसली की फुफ्फुसाचा दाह होतो, खुरं सडतात. पहिल्या कोवळ्या गवतावर तुटून पडली की आंत्रविषाराने धडधाकट पाट सकाळी मेलेली सापडते. मे महिन्यातच आंत्रविषाराची लस, वेळच्या वेळी पीपीआरची लस, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फटीच्या मचाणाचा गोठा आणि पावसाळ्यासाठी साठवलेला सुका पाला एवढं असेल तर शेळी टिकते. म्हणजे शेळीची चाऱ्याची टंचाई ऐन हिरवळीत येते, हे लक्षात घे.

आणि बाजार. बोकडाला वर्षातला सर्वांत मोठा भाव बकरी ईदला. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २०१२ साली ती २७ ऑक्टोबरला होती. पावसाळाभर चरून बोकड नुसते चकाकत होते, माळाने त्यांना फुकट तयार केलं होतं. २०२५ साली ती ७ जूनला आली. म्हणजे बोकड तयार करायचा तो चैत्र-वैशाखात, जेव्हा रानात काही नाही आणि विहिरीत पाणी नाही. २०३० च्या आसपास ती एप्रिलच्या मध्यावर येईल. पुढची कित्येक वर्षं हा भाव ज्याच्याकडे साठवलेला चारा आणि मक्याचा भरडा आहे त्यालाच मिळणार. नुसत्या चराईवाल्याला नाही.

चराईवाला : हे मला आजवर कुणी असं उलगडून दाखवलं नव्हतं. पण यातून चराई मोडीत निघत नाही, तिच्यात एक जोड द्यावी लागते. पावसाळ्यात माळावर वाढवा, शेवटचे दोन महिने गोठ्यात ठेवा. वाढीचा मोठा भाग तरी माळाचाच. आणि सगळेच बोकड ईदला कशाला? गटारी आहे, गावोगावच्या जत्रा आहेत, मार्गशीर्ष संपल्यावरची मागणी आहे. एकाच बाजाराला बांधून घेतलं की जो सौदा करावा लागतो तो मला करायचा नाही. लागेल तेव्हा विकता आलं पाहिजे, हाच माझ्या पद्धतीचा कणा आहे.

हिशेबी : तोच कणा मोडतो बघ. २०२२ साली लम्पी आला. जळगावकडून सुरू झाला आणि सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. म्हणजे नेमके तुझे विक्रीचे दिवस. दसऱ्याला गंजी मोजून जादा गुरं काढणाऱ्याच्या दारात ती सगळी उभी राहिली आणि गंजी खाऊन गेली. बाजार बंद करणं चूक होतं असं मी म्हणत नाही, रोग पसरला असता. पण ‘जास्तीची विकू’ हे ज्या योजनेचं मर्म, तिला बाजार बंद पडण्याची तरतूद हवी. गाईच्या बाबतीत तर बाजार अर्धा बंदच आहे. २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, गाईची होतीच. नांगराला पॉवर टिलर आला, गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही. बैलगाडा शर्यतींना २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम ठेवली, त्यामुळे देखण्या, पळणाऱ्या खोंडाला लाखांचा भाव येतो, पण तो हजारात एकाला. बाकीचे नऊशे नव्याण्णव तुझी गंजी खातात किंवा मोकाट होतात. मोकाट झाले की शेजाऱ्याचा वाल-हरभरा खातात, आणि मग गावात चराईचं नाव काढायची सोय राहत नाही.

चराईवाला : मोकाट गुरांवरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत आणि त्यात शेतकऱ्याची बाजू खरी असते. भात निघालं की गुरं सोडून द्यायची ही आपली जुनी रीत. त्या काळी रब्बीला कुणी काही पेरत नव्हतं. आता शहापूरकडे भेंडी-काकडी करतात, ओलाव्यावर वाल पेरतात. त्याच्या शेतात माझी गाय गेली तर तो माझा नफा नाही, त्याचा तोटा आहे. माळावर राखण हवी, गुराखी हवा, त्याला पगार हवा. मी तो खर्चात धरतो. पण याच रीतीची दुसरी बाजूही आहे. घाटावरचे धनगर दिवाळीनंतर माळशेजवरून खाली उतरतात. त्यांच्या मेंढ्या रात्री शेतात बसवायला शेतकरी धान्य देतो, पैसे देतो, का? लेंडीसाठी. आपल्या भाताच्या रोपाला राब लागतो, राबाला शेण लागतं. गुरं गेली तसा शेणाचा भाव वाढला. माझ्या ताळेबंदात मी दुधाच्या खालोखाल शेणखत लिहितो. कुणी गुरं ठेवत नाही म्हणूनच माझं शेण विकलं जातं.

हिशेबी : आता मी ज्याला सर्वांत मोठा धोका मानतो तो बोलतो. पाऊस, रोग, बाजार यांवर तुझ्याकडे उत्तरं आहेत, काही अर्धी, काही पुरी. पण माळ कुणाचा? तुझे स्वतःचे दहा एकर असतील. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडच्या रस्त्याला दुतर्फा फार्महाउसच्या पाट्या आहेत. ज्या माळावर तू टनभर गवत राखतोस त्याच्या किमतीचं बँकेतलं नुसतं व्याज तुझ्या सगळ्या कळपाच्या नफ्याहून जास्त होईल. ज्या दिवशी तू जमिनीची किंमत हिशेबात धरशील त्या दिवशी गवत हा तोट्याचा धंदा ठरेल. तुझा नफा जमिनीची किंमत शून्य धरून आहे. आणि तुझे भाऊ ती शून्य धरणार नाहीत. वाटणी मागतील तेव्हा बाजारभावाने मागतील.

चराईवाला : म्हणून तर माझा भरवसा खाजगी माळापेक्षा गुरचरणावर आणि जंगलावर जास्त आहे. ती जमीन विकाऊ नाही. महसूल कायद्यात कलम २२ खाली गावच्या गुरांना चरायला जमीन राखायची तरतूद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे, स्थायिक गुरांना आणि फिरत्या कळपांनाही. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भाग आहे, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. एवढं असताना गावाने आपला माळ राखायचं ठरवलं तर कोण अडवतं?

हिशेबी : ग्रामसभेत हात वर करायला गुरं असलेली माणसं लागतात. ज्या घरातली गुरं गेली, ज्याचा मुलगा आसनगावला पहाटेची लोकल पकडतो, त्याला गुरचरण कशाला हवं? त्याला तिथे घरकुल हवं, खेळाचं मैदान हवं, आणि ती मागणी खोटी नाही. काळू-शाईसारखी धरणं वर्षानुवर्षं कागदावर लटकत राहतात तेव्हा बुडणार की राहणार हेच माहीत नसलेल्या गावात माळ राखायला कोण पुढे येईल? आणि समज, गावाने तुझं ऐकलं. गवत राखलं, कळप तुझा मोठा म्हणून फायदा तुझा झाला. मग चार शेळ्यांवर जगणाऱ्या कातकरी बाईला तो माळ बंद झाला ना? चार-चार शेळ्यांच्या घरांसाठी माळ मोकळा ठेवलास तर गवत राखायचा खर्च कोण करणार?

चराईवाला : वाटा कळपावर ठरवायचाच नाही. वाटा कापणीवर ठरवायचा. ज्या घरातून जितके दिवस विळा चालला, वणव्याआधी जाळरेषा काढायला जितके हात आले, त्या प्रमाणात उन्हाळ्यातलं गवत. त्या बाईने दहा दिवस कापलं तर तिच्या शेळ्यांचा वाटा पक्का. तिच्या नावाची गंजी. माझी गुरं जास्त असतील आणि माझ्याकडचे हात कमी असतील तर मी ते तिच्याकडून विकत घेईन.

हिशेबी : तिला आश्विनात रोख हवं असतं, मेमधल्या चाऱ्याचा वाटा नको असतो. भट्टीवाल्याकडे उचल आहे म्हणून ती तिकडे जाते. तू आश्विनात काय हातावर ठेवणार?

चराईवाला : उचल देईन. ईद आता मे-जूनला येते ना? बोकडांचे पैसे ज्येष्ठातच येतात. त्यातला ठरावीक भाग कापणीसाठी बाजूला काढला, तर भाद्रपदात गवतासाठी उचल देता येईल. भट्टीवाल्याच्या आधी.

हिशेबी : ज्येष्ठात पैसे येतात आणि ज्येष्ठातच बियाणं, खत, घराचं छप्पर, पोरांची फी येते. मधले तीन महिने ते पैसे कुठल्या पेटीत राहणार? तुझ्या एकट्याच्या पेटीत ठेवलेस तर कापणाऱ्यांच्या लेखी तू भट्टीवालाच. गावाच्या पेटीत ठेवायचे म्हणशील, तर त्या पेटीत पहिल्या वर्षी कुणाचे बोकड जाणार, एवढंच सांग.